विमानाचे गोंदण



आज आपल्याशी एका अगदी लहान वस्तूविषयी बोलायचे आहे. इतकी लहान, की तिच्यापुढे तांदळाचा दाणासुद्धा मोठा वाटावा. हौशी मंडळी जेट विमानांच्या छोट्या प्रतिकृती तयार करतात, हे आपण ऐकले असेल. त्या प्रतिकृतींवर ज्या खुणा, आकडे आणि चिन्हे चिकटवतात, त्यांना डेकल असे म्हणतात. आजचा विषय ही डेकलेच.

विषय ऐकून कुणी म्हणेल, "अहो, उसाच्या बिलाचं बोला, कालव्याच्या पाळीचं बोला. हे खेळण्यातल्या विमानाचं काय घेऊन बसलात?" म्हणणे रास्त आहे. पण थोडा वेळ कान द्या. बारामती-इंदापूरच्या माणसाला या विषयात परके वाटण्याचे काहीच कारण नाही. ते का, हे पुढे येईलच.

आधी डेकल म्हणजे काय ते पाहू. बबलगमच्या वेष्टनातून मिळणारे छाप आपण लहानपणी मनगटावर पाणी लावून उठवले असतील. डेकल हा त्याचाच चुलतभाऊ. खाली एक जाड कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या खळीचा थर, त्याच्यावर पारदर्शक पापुद्रा आणि त्या पापुद्र्यावर रंगीत छपाई. कागद पाण्यात बुडवला की खळ सुटते आणि पापुद्रा अलगद सरकून विमानाच्या अंगावर जातो. आपल्याकडे जुन्या बायकांच्या हातावर गोंदण असे. बाई कुठल्या मुलखाची, कुठल्या घरची, हे जाणत्याला त्या गोंदणावरून ओळखता येई. विमानाच्या खुणांचेही तसेच आहे. देश कोणता, तुकडी कोणती, आणि त्या जातीच्या शेकडो विमानांपैकी हे नेमके कोणते, ते या गोंदणावरून कळते. म्हणून डेकलाला विमानाचे गोंदण म्हटले तर वावगे होणार नाही.

आता अडचण कुठे येते ते ऐका. प्रतिकृतींचे संच बहुतेक परदेशांत तयार होतात. डबा उघडला की प्लॅस्टिकचे सुटे भाग निघतात आणि डेकलांचा एक कागद निघतो. त्या कागदावर बहुधा इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स किंवा रशियाच्या खुणा असतात. एखाद्या मुलाला आपल्या हवाई दलाचे विमान करायचे असेल, तर त्या कागदाचा उपयोग नाही. मग वेगळी छापलेली डेकले मागवावी लागतात. संचाबाहेरची, मागाहून स्वतंत्र विकत घ्यायची अशी डेकले छापणारे लहान-लहान व्यवसाय जगभर आहेत. त्यांत कंपन्या आहेत, तशीच घरच्या टेबलावर बसून, जुनी छायाचित्रे धुंडाळून एकेक कागद तयार करणारी हौशी माणसेही आहेत. बैल बाजारातून आणावा पण झूल घरची घालावी, तसा हा प्रकार.

ही घरची झूल इंदापूर तालुक्याला इतकी जवळची का? इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. तिथला साखर कारखाना, तिथले अवजड यंत्रांचे कारखाने आपल्याला ठाऊक आहेत. भारताच्या अग्निबाणांना लागणारे मोठे धातूचे कवचही तिथे तयार झालेले आहे. ज्यांच्या नावाने हे गाव वसले ते वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. बांधकामाची कंत्राटे, आगबोटी, मोटारी असे अनेक उद्योग त्यांनी केले. पण त्यांतला एक आज आपल्याला विशेष हवा आहे. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. देशात विमाने बांधण्याचा हा पहिला कारखाना. महायुद्ध भडकले होते. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा वाटा विकत घेतला आणि कारखाना त्यांच्या हातून गेला. पण लावलेले रोप मात्र वाढले. १९६४ साली त्याच संस्थेचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले. तिच्या कारखान्यांतून व्हॅम्पायर बाहेर पडली, नॅट बाहेर पडली, मारुत बाहेर पडले. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० बांधली गेली. तेव्हा आपल्या शाळेतला मुलगा नॅटची प्रतिकृती हातात घेतो, तेव्हा तिच्या जन्माचा एक धागा त्याच्याच तालुक्यातल्या गावाच्या नावापर्यंत येऊन पोचतो. त्या विमानावर परक्या देशाची खूण चिकटवून मोकळे व्हायचे का, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही.

आता ही खूण वाचायची कशी ते पाहू. आपल्या हवाई दलाच्या विमानावर गोल खूण असते. बाहेर केशरी कडे, आत पांढरे आणि मध्यभागी हिरवा ठिपका. आपल्याला वाटते, ही पहिल्यापासून अशीच असेल. पण तसे नाही. हवाई दल १९३२ साली स्थापन झाले, तेव्हा इंग्रजांचे राज्य होते आणि खूणही इंग्रजांचीच होती: निळे कडे, आत पांढरे, मध्ये लाल ठिपका. १९४२ च्या सुमारास जपानशी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर युद्ध जुंपले. जपानी विमानांवर लाल सूर्याचा गोळा. घाईगर्दीत आपल्याच तोफांनी आपलेच विमान पाडू नये, म्हणून या भागातल्या विमानांवरचा लाल ठिपका काढून टाकण्यात आला. १९४७ मध्ये स्वातंत्र्य मिळाले आणि विमानांवर अशोकचक्र आले. १९५० पासून आजची तिरंगी गोल खूण सुरू झाली.

गुरुजी, पाहा, एका गोलात केवढा इतिहास साठला आहे! आपल्या हवाई दलात पहिले जेट विमान आले ते १९४८ साली, व्हॅम्पायर जातीचे. एखाद्या मुलाने १९४८ चे व्हॅम्पायर म्हणून प्रतिकृती केली आणि तिच्यावर केशरी-पांढरी-हिरवी खूण लावली, तर ती दिसायला छान दिसेल, पण साल चुकेल. जन्मपत्रिकेत तारीख एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी, अशी गत होईल. म्हणून प्रत्येक डेकल लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायचे: विमान कोणते? साल कोणते? तुकडी कुठली?

यातला पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नॅटचेच उदाहरण घ्या. इंग्लंडच्या रेड ॲरोज नावाच्या कसरती करणाऱ्या पथकाने १९६५ पासून लाल रंगाची नॅट विमाने उडवली आणि ती जगभर गाजली. त्यामुळे नॅट म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे ते लाल विमान येते. पण ती दोन आसनांची, शिकाऊ वैमानिकांसाठी बांधलेली जात होती. आपल्या हवाई दलाने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वापरली ती एका आसनाची लढाऊ नॅट. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर शत्रूच्या विमानांशी एकाकी झुंज देऊन फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी देह ठेवला, ते अशाच नॅटमधून. हवाई दलाचे आजवरचे एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे. आता दोन आसनांच्या प्रतिकृतीवर तिरंगी खुणा चिकटवून "हे सेखोंचं विमान" असे आपण मुलांना सांगितले, तर खूण खरी आणि विमान खोटे, असे होईल. त्या माणसाच्या आठवणीलाही ते शोभणार नाही.

दुसरी गोष्ट क्रमांकाची. प्रत्येक विमानाला स्वतःचा क्रमांक असतो. नागरी विमानांचे उदाहरण तर बारामतीकरांच्या डोक्यावरच फिरते. बारामतीच्या विमानतळावरून वैमानिक-प्रशिक्षणाची छोटी विमाने बरीच वर्षे उडत आली आहेत. ती जवळून पाहायला मिळाली तर अंगावरची अक्षरे वाचा. पहिली दोन व्ही आणि टी असतील. भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाची सुरुवात याच दोन अक्षरांनी होते. पुढची तीन अक्षरे त्या विमानाची स्वतःची. ट्रॅक्टरच्या नंबरपाटीवर एमएच-४२ दिसले की गाडी बारामतीची, हे आपण लांबून ओळखतो ना? तसेच हे. लढाऊ विमानाचा क्रमांक मात्र वेगळ्या पद्धतीने घातलेला असतो, आणि त्या एका क्रमांकाच्या मागे एक कारखाना, एक तुकडी, काही वैमानिक आणि रात्री-बेरात्री त्याची देखभाल करणारे अनेक मेकॅनिक उभे असतात.

आता ही डेकले छापतात कशी ते सांगतो, कारण आपल्या गावातल्या कारागिराला ती रीत नवी नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात स्क्रीन प्रिंटिंग चालते, ते आपण पाहिले असेल. जाळीच्या चौकटीतून एक रंग दाबायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसऱ्या जाळीने दुसरा रंग. रंगाची जुळणी केसभर सरकली तर गणपतीच्या सोंडेबाहेर शेंदूर येतो. डेकलांची चांगली छपाई अशीच, एकेका रंगाने होते. संगणकाच्या साध्या छपाई यंत्रावरही डेकलाच्या कोऱ्या कागदावर छापता येते. पण तिथे एक गंमत आहे. त्या यंत्राजवळ पांढरा रंग नसतो. आपण पांढऱ्या कागदावर छापतो म्हणून पांढरा भाग आपोआप दिसतो. पारदर्शक पापुद्र्यावर मात्र तो भाग मोकळाच राहतो. तिरंगी गोल छापला आणि विमानाच्या हिरव्या-करड्या अंगावर लावला, की मधले पांढरे कडे नाहीसे होते. तिरंग्यातला एक रंगच गेला! म्हणून जाणते लोक आधी पांढऱ्या रंगाचा गोल लावतात आणि त्यावर छापील खूण बसवतात; नाहीतर पांढऱ्या पापुद्र्याचा कागद घेऊन काठोकाठ कापतात. शिवाय शाईच्या यंत्रावर छापले असेल तर वरून पारदर्शक वार्निशचा हात द्यावा लागतो, नाहीतर पाण्यात पडताच शाई विरघळते.

डेकल लावण्याची रीतही सांगून ठेवतो. घाई करायची नाही, हा पहिला नियम. प्रतिकृतीला रंग दिला की तो पूर्ण वाळू द्यावा. मग तिच्यावर चकचकीत वार्निशचा पातळ थर द्यावा. याचे कारण असे, की मातकट, बिनचमकीचा रंग जवळून पाहिला तर नांगरलेल्या रानासारखा खडबडीत असतो. त्यावर पापुद्रा टेकला की खालच्या खाचांत हवा अडकते, आणि उजेडात तो भाग चंदेरी दिसू लागतो. पृष्ठभाग गुळगुळीत असला की हवेला जागाच उरत नाही. मग हवे तेवढेच डेकल कात्रीने कापावे, चिमट्यात धरून कोमट पाण्यात काही सेकंद बुडवावे आणि बाहेर काढून मिनिटभर तसेच ठेवावे. खळ सुटली की बोटाने न ओढता ओल्या कुंचल्याने जागेवर सरकवावे. जागा बरोबर जमली की मऊ कापडाने मधून कडेकडे दाबत पाणी टिपून घ्यावे. पापुद्रा मऊ करणारे खास द्रावणही मिळते. ते लावल्यावर डेकलाला सुरकुत्या पडतात आणि नवखा माणूस घाबरून हात लावतो. त्या वेळी अजिबात हात लावू नये. वाळताना ते आपोआप ताणून बसते आणि विमानाच्या पत्र्याचे सांधेसुद्धा त्यातून दिसू लागतात. सगळे वाळले की शेवटी बिनचमकीच्या वार्निशचा एक हात द्यावा, म्हणजे खूण चिकटवलेली न वाटता रंगवलेली वाटते.

इथवर ऐकून शिक्षकमित्र म्हणतील, "हे ठीक आहे, पण आमच्या शाळेला असले महाग संच कसे परवडणार?" संच नसला तरी चालेल. पुठ्ठा, कंपास, रंगपेटी आणि खळ एवढ्यावर काम भागते. आधी गणित करा. प्रतिकृतींचे सर्वांत प्रचलित प्रमाण एकास बहात्तर आहे. ते इंच-फुटांच्या मापातून आले: सहा फुटांचे बहात्तर इंच, त्यांचा एक इंच. एकेरी नॅटच्या पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे पावणेसात मीटर. तिला बहात्तरने भागा. साडेनऊ सेंटीमीटरांच्या आत उत्तर येईल. एवढ्याशा पुठ्ठ्यावर मुलांना खुणा काढता येणार नाहीत, म्हणून शाळेसाठी एकास वीस प्रमाण घ्या. पंख सुमारे चौतीस सेंटीमीटरांचे होतील. आता सुखोई-३० घ्या. त्याच्या पंखांची लांबी पावणेपंधरा मीटरांच्या आसपास. त्याच प्रमाणात ती चौऱ्याहत्तर सेंटीमीटर निघेल. दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवले की पोरांच्या तोंडून आपणहून उद्गार निघेल, की एवढंसं नॅट आणि केवढं हे सुखोई!

गोल खूण केवढी काढायची? तेही गणितानेच ठरवा. विमानाचे बरोबर वरून किंवा खालून घेतलेले छायाचित्र मिळवा. समजा, छायाचित्रात पंख वीस सेंटीमीटर भरले आणि गोल खूण दोन सेंटीमीटर भरली, तर खूण पंखांच्या एक दशांश झाली. तेच प्रमाण पुठ्ठ्यावर धरा. कंपासने तीन वर्तुळे काढा, रंगवा, कापा आणि चिकटवा. शेपटीवरचे तीन पट्टे काढताना एक सावधगिरी ठेवा. जो पट्टा विमानाच्या नाकाकडच्या बाजूला आहे, तो डाव्या आणि उजव्या दोन्ही अंगांना नाकाकडेच राहायला हवा. म्हणजे दोन बाजूंचे कागद एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे कापावे लागतील. भूमितीतली सममिती मुलांना याहून सोपी करून कशी सांगणार?

छायाचित्र पाहतानाही डोळे उघडे हवेत. कधी कधी चित्र उलटे छापलेले असते. आकडे उलटे दिसले तर ते ओळखता येते. चौकात किंवा संस्थेच्या आवारात चौथऱ्यावर ठेवलेले निवृत्त विमान पाहून खुणा उतरवायच्या असतील, तर अधिक जपून राहा. अशा विमानांना दर काही वर्षांनी नवा रंग देतात. रंगाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण एखादा आकडा बदलतो, एखादे चिन्ह गळते, गोलाचे माप चुकते. विमान खरे असते आणि गोंदण मात्र नवे असते. म्हणून विमान उडत होते त्या काळातले छायाचित्र हाच अधिक भरवशाचा साक्षीदार.

या कामाला आता थोडी निकडही आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मारुत १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडाले. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्याच देशात आखलेले आणि बांधलेले ते लढाऊ जेट. सुमारे दीडशे बांधली गेली, १९७१ च्या युद्धात लढली आणि १९९० पर्यंत निवृत्त झाली. मोठ्या परदेशी कंपन्यांच्या संचांच्या यादीत मारुत सहसा सापडत नाही. मिग-२१ हे १९६३ मध्ये हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला समारंभाने निरोप देण्यात आला. बासष्ट वर्षांत त्याच्यावर किती तुकड्यांची चिन्हे चढली, किती रंग बदलले! त्यांतले पुष्कळसे ज्यांनी पाहिले, त्यांच्या डोक्यातच आहे. पूर्वीच्या वैमानिकांची नावे पुस्तकांत येतात. ज्याने पंख्याखाली उभे राहून तो आकडा रंगवला, त्याचे नाव कुठे येत नाही.

आपल्या भागातून सैन्यात आणि हवाई दलात गेलेली माणसे थोडी नाहीत. कुणी लोहगावला नोकरी केली असेल, कुणी ओझरच्या कारखान्यात हातोडी धरली असेल. निवृत्त होऊन आज ती मंडळी पारावर बसलेली असतात, उसाला पाणी देत असतात. शिक्षकमित्रांनो, अशा एखाद्या आजोबांना शाळेत बोलवा. मुलांना त्यांच्यापुढे बसवा आणि विचारू द्या: आजोबा, तुमच्या विमानाचा नंबर काय होता? शेपटीवर कसलं चित्र होतं? ते कुणी काढलं होतं? त्यांच्या पेटीत जुने छायाचित्र असेल तर त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून ठेवा: विमान कोणते, साल कोणते, जागा कुठली. आठवणीत साल पुढेमागे होऊ शकते, म्हणून छायाचित्र आणि आठवण दोन्ही ताडून पाहा. मग पुठ्ठ्याचे विमान करा आणि त्याच्यावर त्याच आजोबांचा क्रमांक घाला.

दूरदेशीचा कुणी हौशी माणूस उद्या भारतीय विमानांची डेकले छापायला बसेल, तेव्हा तो अशाच नोंदी शोधत फिरेल. त्या त्याला इंदापूरच्या एखाद्या शाळेच्या कपाटात मिळाल्या, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. विमानांचा पहिला कारखाना काढणाऱ्याच्या नावाचे गाव याच तालुक्यात आहे. या पंधरवड्यात निदान एका आजोबांना शाळेत आणा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.